आखूड आतडं, मोठं रान

मराठी घरातलं मूल वाघाला पहिल्यांदा भेटतं ते लेकीकडे निघालेल्या म्हातारीच्या गोष्टीत. तो वाघ भुकेला असतो, पण समजूतदारही असतो. लेकीकडे तूप-रोटी खाऊन जाडजूड होऊन येते, मग मला खा, असं म्हातारी सांगते आणि तो तिच्या शब्दावर थांबतो. मूल मोठं झालं की त्याला दुसरा वाघ भेटतो. हा रक्ताला चटावलेला. गळ्याला तोंड लावून रक्त पिणारा, पोट भरलेलं असलं तरी मारत सुटणारा, अर्धं खाऊन उरलेलं नासवणारा. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू, कारंजा, आष्टी, आर्वी, समुद्रपूर या तालुक्यांत पारावर, चहाच्या टपरीवर आणि हल्ली प्रत्येकाच्या मोबाइलवर हाच वाघ फिरत असतो. दोन्ही वाघ माणसाने रचलेले आहेत आणि दोघांची भूक माणसाचीच आहे. एकाला आपल्यासारखी तुपाळलेल्या घासाची वाट बघता येते, दुसऱ्याला आपल्यासारखा राग येतो.

या पुस्तकाचा विषय तिसरा वाघ आहे. त्याच्या तोंडात तीस दात आहेत, जबड्याच्या मागे एकच ताणलं जाणारं जठर आहे, त्यापुढे आखूड आतडं आहे आणि या सगळ्यावर हुकमत चालवणारं एक हट्टी यकृत आहे. वाघाबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं: त्याच्या डौलाबद्दल, डरकाळीबद्दल, शिकारीबद्दल, अलीकडे त्याच्या मोजदादीबद्दल. त्याच्या पोटाबद्दल मात्र फार थोडं. माझं म्हणणं असं की पोटापासून सुरुवात केली तरच बाकीचं सगळं समजतं. तो इतका का चालतो, एकाच मढ्यावर चार दिवस का बसतो, इथल्या बोरच्या जंगलात जन्मलेलं पिल्लू हायवेवर का सापडतं, या सगळ्या प्रश्नांची मुळं त्याच्या पचनात आहेत. वाघाचं आतडं आखूड आहे, म्हणून त्याला रान मोठं लागतं. हे वाक्य पहिल्यांदा वाचताना उलटं वाटेल. ते सुलट कसं होतं एवढंच या प्रस्तावनेत सांगायचं आहे.

आधी रानाबद्दल. बोर धरणाच्या भोवतीचं हे जंगल १९७० साली अभयारण्य झालं आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. मूळ क्षेत्र १३८ चौरस किलोमीटरच्या किंचित वर. प्रकल्प जाहीर झाला तेव्हा देशातल्या व्याघ्र प्रकल्पांत सगळ्यांत लहान. साग, ऐन, तेंदू, मोह, बांबू असं पानगळीचं कोरडं रान. मे महिन्यात सागाला पान राहत नाही, नाले आटतात आणि चितळ, सांबर, रोही, रानडुक्कर अशी सगळी जनावरं धरणाच्या फुगवट्याकडे आणि उरल्यासुरल्या पाणवठ्यांकडे सरकतात. त्यांच्या मागे वाघ सरकतो. त्याच्या पोटाचा हिशेब इथे सुरू होतो.

तो मारतो कसा, हे आधी नीट पाहू, कारण रक्त पिण्याची समजूत तिथून निघाली आहे. लहान जनावर असेल तर वाघ मानेच्या मागच्या बाजूने चावतो आणि सुळे मणक्यांच्या फटीत घुसतात. मोठं जनावर, म्हणजे सांबर, रोही किंवा गाय असेल तर तो बहुधा गळा धरतो आणि धरूनच ठेवतो. श्वासनळी दाबली जाते, काही मिनिटांत जनावर गुदमरतं. हे दुरून पाहणाऱ्याला वाघ गळ्याला तोंड लावून निपचित पडलेला दिसतो आणि तो पितो आहे असंच वाटतं. प्रत्यक्षात तो फक्त दाबून असतो. सुळ्यांनी भोकं पडतात, मोठी शीर तुटेलच असं नाही. नंतर रक्त गोठतं, म्हणून सकाळी मालक येतो तेव्हा गळ्यावर चार भोकं असतात आणि जमिनीवर रक्त जवळजवळ नसतं. ते रक्त वाघाच्या पोटात गेलं असा निष्कर्ष कुणीही काढेल. ते जनावराच्या अंगातच असतं.

वाघाच्या सुळ्यांच्या मुळाशी दाबाची जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंची दाटी असते. दात कुठे रुतला, हाडावर की फटीत, हे त्याला कळतं. सुळ्यांच्या मागे थोडी मोकळी जागा असते, त्यामुळे ते मुळापर्यंत आत जाऊ शकतात. त्यामागे खऱ्या कामाच्या दाढा आहेत: वरची शेवटून दुसरी आणि खालची शेवटची. तोंड मिटताना या दोघी एकमेकींना घासून जातात आणि मधलं कातडं, स्नायू, कंडरा कापला जातो. गाईचा जबडा आडवा फिरतो, आपलाही थोडा फिरतो. वाघाचा फक्त खाली-वर होतो. त्याला चावून बारीक करताच येत नाही. दळणारी दाढ नाही, ती वापरण्याची हालचालही नाही. म्हणून तो मान तिरकी करून एका बाजूच्या दाढांनी तुकडा कापतो आणि तसाच गिळतो. जिभेवर मागे वळलेले टणक काटे असतात. हाडाला चिकटलेलं मांस त्यांनी खरवडलं जातं. पुढचे बारीक दात केस आणि पिसं उपटायला.

तोंडातली आणखी एक गोष्ट मला विलक्षण वाटते. वाघाला गोड कळत नाही. गोड चव ओळखणारं जे ग्राहक जिभेवर लागतं, ते दोन जनुकांच्या जोडीने बनतं. २००५ साली संशोधकांनी पाळीव मांजर, वाघ आणि चित्ता या तिघांत पाहिलं, तर त्यातलं एक जनुक मोडलेलं निघालं. मांजरकुळात ते फार पूर्वीच निकामी झालं आणि त्यावाचून काही अडलं नाही, कारण मांसात गोड असं काही नसतंच. कारंजा-आष्टीकडच्या संत्र्याच्या बागेत वाघ दुपारभर सावलीला पडून राहू शकतो. त्या फळाचा गोडवा त्याच्यासाठी अस्तित्वातच नाही. त्याच्या लाळेत पिष्टमय पदार्थ फोडणारं विकरही नाही. आपल्या तोंडात भाकरीचा घास चघळता चघळता गोड होतो, ते त्याच्या तोंडात घडणार नाही.

खायला सुरुवात तो बहुधा मागच्या भागापासून, मांड्यांपासून करतो. तिथे मांस सर्वांत जास्त. बिबट अनेकदा पोटाकडून किंवा छातीकडून सुरू करतो. पंचनाम्याला आलेले अनुभवी वनरक्षक याच खुणेवरून कुणी मारलं याचा पहिला अंदाज बांधतात, मग सुळ्यांच्या भोकांमधलं अंतर मोजतात. पोट फोडल्यावर वाघ कोटीपोट, म्हणजे गवताने भरलेली ती मोठी पिशवी, ओढून बाजूला टाकतो. आतला अर्धवट कुजलेला पाला त्याच्या काही उपयोगाचा नाही. काळीज, फुप्फुसं, हृदय मात्र तो सोडत नाही. का सोडत नाही, ते पुढे येईल.

एका बैठकीत वीसेक किलो मांस तो सहज खातो, कधी त्याहून बरंच जास्त. जठर त्यासाठीच बनलं आहे: एकच कप्पा, पण खूप ताणला जाणारा, आतलं आम्ल इतकं तीव्र की हाडांचे लहान तुकडे विरघळतात आणि उन्हाळ्यात वास मारायला लागलेलं मांसही खपून जातं. त्यानंतर आतडं. मांजरकुळात आतड्याची लांबी शरीराच्या सुमारे चौपट भरते. मेंढीत ती पंचवीसपटीच्या आसपास जाते. मेंढीने खाल्लेल्या गवताच्या पेशींना सेल्युलोजची भिंत असते. ती कुठल्याच सस्तन प्राण्याला स्वतः फोडता येत नाही, ते काम पोटातले कोट्यवधी सूक्ष्मजीव करतात, आणि त्यांना जागा लागते, वेळ लागतो. मांसाच्या पेशीला तशी भिंत नाही. जठरातलं आम्ल आणि स्वादुपिंडातून येणारी विकरं यांनी ते पटकन विरघळतं, त्यातली बहुतेक सगळी प्रथिनं शोषली जातात, आणि लांब आतड्याचं ओझं बाळगण्याची गरज उरत नाही. झेप घेणाऱ्या प्राण्याला पोट हलकं असणं परवडतं. पण या हलकेपणाची किंमत मोठी आहे. हे आतडं दुसरं काही पचवू शकत नाही. दुष्काळात माणूस कंदमुळं खातो, अस्वल मोहफुलं आणि वाळवी खातं, कोल्हा बोरं खातो. वाघाला यातलं काहीच जमत नाही. तो कधीमधी गवत खातो, पण ते पोट साफ होण्यापुरतं. विष्ठेत ते जसंच्या तसं बाहेर पडतं.

आता यकृताकडे येतो. हे प्रकरण लिहिताना मला सर्वांत जास्त आनंद झाला, आणि वाचकाने इथे थोडा वेळ थांबावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आपण चार दिवस डाळ-मांस कमी खाल्लं तर आपलं यकृत प्रथिनं जाळण्याचं काम मंद करतं, कंदिलाची वात खाली करावी तसं. आलेली थोडी प्रथिनं जपून वापरली जातात. मांजरकुळातल्या यकृताला ही वात खाली करता येत नाही. १९७० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी पाळीव मांजरांवर हे दाखवून दिलं: आहारातली प्रथिनं कमी केली तरी ती फोडणारी विकरं तेवढ्याच जोमाने चालू राहतात. या प्राण्याच्या खाण्यात पीठ-साखर नसते, तरी मेंदूला आणि रक्तपेशींना साखर लागतेच; ती यकृत मांसातल्या अमिनो आम्लांपासून दिवसरात्र बनवत असतं. कच्चा माल नेहमी मांसच, तेव्हा तो जाळणारी यंत्रणा बंद करण्याची सोय उत्क्रांतीत कधी लागलीच नाही. मांस मिळालं नाही तर वाघाचं यकृत वाघाच्याच स्नायूंना हात घालतं.

प्रथिनं जाळली की अमोनिया तयार होतो, आणि तो विषारी. त्याचं युरियात रूपांतर करायला आर्जिनीन नावाचं अमिनो आम्ल लागतं. याच संशोधकांनी मांजरांना एकच जेवण आर्जिनीनशिवाय दिलं, तर काही तासांत त्यांच्या रक्तात अमोनिया साचला आणि ती आजारी पडली. एका जेवणाने! दुसऱ्या कुठल्या सस्तन प्राण्याची इतक्या झटपट अशी गत होताना सहसा दिसत नाही. मांसात आर्जिनीन भरपूर असतं, म्हणून जंगलात हा प्रसंग येत नाही. हे प्रयोग वाघावर झालेले नाहीत, करणं योग्यही नव्हे. पण कुळ एक, दात एक, आहार एक, आणि २०१३ साली वाघाचा जीनोम वाचला गेला तेव्हा त्यातही प्रथिनांच्या पचनाशी निगडित जनुकांवर मांसाहाराचा ठसा दिसला.

पुढचा भाग तर एखाद्या सावकारी हिशेबाहून चोख आहे. टॉरिन नावाचा पदार्थ आपलं शरीर पुरेसा बनवतं, मांजरकुळातलं बनवत नाही. तो न मिळाल्यास डोळ्यांचा पडदा झिजतो, हे १९७५ साली कळलं, आणि हृदय फुगून दुबळं होतं, हे १९८७ साली. गाजरातल्या, पालेभाजीतल्या पिवळ्या रंगद्रव्यापासून आपण अ जीवनसत्त्व बनवतो. हे प्राणी बनवू शकत नाहीत, त्यांना ते तयार लागतं. ऊन खाऊन ड जीवनसत्त्व पुरेसं बनत नाही, तेही तयार लागतं. चरबीतलं एक आवश्यक आम्लही तयारच लागतं. हे सगळं तयार मिळतं कुठे? चितळाच्या काळजात, सांबराच्या हृदयात, रोह्याच्या चरबीत. बोरच्या उतारावर पावसाळ्यात उगवलेलं कोवळं गवत चितळ खातं, त्यातल्या रंगद्रव्याचं अ जीवनसत्त्व करून काळजात साठवतं, आणि हिवाळ्यातल्या एका पहाटे वाघ ते काळीज खातो. अंधारात पाहणारे त्याचे डोळे त्यावर चालतात. जी कामं करायला लांब आतडं, कोटीपोट आणि दिवसभराचं रवंथ लागतं, ती वाघाने चितळावर सोपवली आहेत. चितळ हे त्याच्या पचनसंस्थेचा पहिला भाग आहे, फक्त तो त्याच्या शरीराबाहेर चरत असतो. ही एक गोष्ट ध्यानात आली की आखूड आतडं आणि मोठं रान यांचा संबंध उलगडतो.

हिशेब मांडून पाहू. प्रौढ वाघिणीला रोजचं सरासरी पाच-सहा किलो मांस धरलं तर वर्षाचं दोन हजार किलो होतं. कातडं, मोठी हाडं, कोटीपोट हे वजा जातं, म्हणजे जिवंत वजनाने तीनेक हजार किलोची जनावरं मारावी लागतात. चितळाच्या हिशेबात साठेक, सांबर आणि रोही मिळाले तर त्याहून कमी. निरनिराळ्या जंगलांतल्या अभ्यासांतून वर्षाला चाळीस ते पन्नास जनावरं हा आकडा येतो तो यामुळेच. नेपाळच्या चितवनमध्ये दिसलं की एकटी वाघीण साधारण आठ दिवसांनी एक मोठं जनावर मारते, दोन वाढती पिल्लं असली की पाच-सहा दिवसांनी. आणि प्रत्येक झेप सफल होत नाही. मध्य प्रदेशातल्या कान्हात १९६० च्या दशकात वाघांचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या जॉर्ज शॅलर यांनीही नोंदवलं होतं की बहुतेक प्रयत्न फुकट जातात.

आता चितळांच्या बाजूने बघा. वर्षाला पन्नास मारली गेली तरी कळप घटू नये, तर तो कळप केवढा हवा? दहा टक्के नेलेले सोसतात असं धरलं जातं. म्हणजे एका वाघामागे पाचशे चरणारी जनावरं. पाचशे जनावरांना गवत, पाला, पाणी, सावली लागते. वाघाची हद्द आपण नकाशावर चौरस किलोमीटरमध्ये काढतो. खरं तर ती या पाचशे कोटीपोटांनी आखलेली असते. पानगळीच्या कोरड्या रानात ती मोठीच निघणार. १३८ चौरस किलोमीटरमध्ये अशा किती हद्दी मावतील? फार थोड्या. वाघिणीची पिल्लं दोन वर्षांची झाली की त्यांना स्वतःची पाचशे जनावरं शोधायला बाहेर पडावंच लागतं. बोरच्या बाहेर काय आहे? कपाशी, तूर, सोयाबीन, हरभरा, संत्री, रस्ते, आणि पिकांवर पोसलेली रोही आणि डुकरं.

ब्रह्मपुरीकडच्या जंगलातून पकडलेली एक तरुण वाघीण, कागदोपत्री टी-२७ कब-१, जुलै २०१७ मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर बांधून बोरमध्ये सोडली गेली. ती तिथे थांबली नाही. शेतं, नाले, गावं ओलांडत ती पाचशेहून अधिक किलोमीटर फिरली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कारंजा तालुक्यात शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने मेली. ते कुंपण वाघासाठी नव्हतं. या भागात शेतात वीज सोडली जाते ती रोही-डुकरांसाठी, आणि वाघ शेतात येतो तो त्याच रोही-डुकरांमागे. रात्रभर जागल करून थकलेल्या शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, त्याबद्दल मला यत्किंचित शंका नाही. पण ज्या जनावराने पीक खाल्लं तेच वाघाचं अन्न आहे, आणि तारेला रोही आणि वाघ यांतला फरक कळत नाही. त्याच वर्षी डिसेंबरात बोरचा सर्वांचा ओळखीचा नर, बाजीराव, नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ गाडीखाली गेला. या दोन मरणांकडे मी अपघात म्हणून पाहू शकत नाही. पोट त्यांना जिथे नेत होतं, तिथे आपण तार आणि डांबर टाकून ठेवलं होतं.

वाघ काय खातो हे कळतं कसं, असं वाचक विचारेल. मुख्यतः विष्ठेवरून. ती गोळा करून बारीक चाळणीत धुतात, केस, खूर, हाडांचे तुकडे वेगळे होतात. केस पचत नाही, आणि प्रत्येक जनावराच्या केसाची आतली रचना वेगळी असते. सूक्ष्मदर्शकाखाली चितळ, सांबर, डुक्कर, गाय ओळखता येतात. इथे एक फसगत आहे. लहान जनावराच्या अंगावर मांसाच्या मानाने केस जास्त, त्यामुळे त्याचे केस असलेल्या विष्ठा जास्त पडतात आणि वाघ लहान जनावरांवरच जगतो असं वाटू शकतं. म्हणून संख्येला जनावराच्या वजनानुसार दुरुस्ती लावावी लागते. या पुस्तकातल्या आहाराच्या प्रत्येक आकड्यामागे कुणीतरी उन्हात वाकून उचललेली आणि वास सहन करत धुतलेली विष्ठा आहे. या कामाला मान मिळत नाही. मला ते कॅमेऱ्यात वाघ टिपण्याच्या तोडीचं वाटतं.

पिंजऱ्यातल्या वाघाचं पोटही बरंच शिकवतं. आपल्याकडच्या प्राणिसंग्रहालयांत आठवड्यातला एक दिवस वाघाला उपास असतो, आणि पचनाच्या दृष्टीने तो योग्यच आहे. जंगलात रोज ताट वाढलेलं नसतं. नुसतं बिनहाडाचं मांस दिलं तर बछड्यांना कॅल्शियम कमी पडतं आणि पाय वाकतात, म्हणून हाडं आणि काळीज हवंच. आणि घासाबरोबर रोगही येऊ शकतो. नागपूरच्या गोरेवाड्यात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ मेले, तपासणीत बर्ड फ्लूचा विषाणू निघाला.

माणसावरच्या हल्ल्यांचं प्रकरण या पुस्तकात मुद्दामच लहान ठेवलं आहे. माणूस वाघाच्या ठरलेल्या आहारात नाही. बरेचसे हल्ले मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचायच्या दिवसांत, वाकलेल्या माणसाशी अचानक गाठ पडल्यामुळे होतात. जिम कॉर्बेट यांनी १९०७ साली मारलेल्या चंपावतच्या वाघिणीचे उजवीकडचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले होते. सुळा गेला की गळा धरता येत नाही, आणि गळा धरता आला नाही की सांबर पडत नाही. हे कारण प्रत्येक वेळी लागू पडत नाही, पण तोंड तपासल्याशिवाय वाघाला नरभक्षक ठरवण्याची घाई करू नये.

राहिला प्रश्न ढोरांचा. आर्वी-कारंजाकडचं गवळाऊ जनावर नंदगवळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलं. जंगलाच्या काठाने चरणाऱ्या त्या गाईत आणि सांबरात वाघाच्या जठराला फरक दिसत नाही, उलट गाय पळायला कमी पडते. गाय मेली की घरचं दूध, शेण, पुढच्या वर्षीचा गोऱ्हा असं सगळंच जातं. मेलेल्या ढोराचं मोल जाणण्याची परंपरा या जिल्ह्यात आहे: १९३० च्या दशकात वर्ध्याजवळच्या नालवाडीला मेलेल्या जनावरांचंच कातडं कमावणारं चर्मालय उभं राहिलं, आणि त्या काळी उरलेलं मांस गिधाडं तासाभरात संपवत. गुरांना टोचलं जाणारं डायक्लोफिनॅक मढ्यातून गिधाडांच्या मूत्रपिंडात गेलं आणि ती पटापट मेली. २००६ मध्ये गुरांसाठी ते औषध बंद झालं, पण तोवर आभाळ रिकामं झालं होतं. आता रानात पडलेलं मढं वाघ, कोल्हे, डुकरं आणि माश्या यांच्यावरच राहतं.

अशा मढ्याजवळ उभा असलेला गायकी, म्हणजे गुराखी, विचारतो, ‘खाऊन त गेला, आता पुन्हा काहून येईन?’ या प्रश्नाचं उत्तर पोटात आहे. पहिल्या रात्री त्याने वीसेक किलो खाल्लं, शंभर किलो अजून शिल्लक आहे. जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, तोवर तो जवळच्या पाण्याकाठी, झुडपात पडून राहतो, आणि मग पुन्हा येतो. तीन-चार दिवस येतो. उरलेलं नासवलं असं जे वाटतं, ती त्याची साठवण असते. कधी पाला-माती ओढून त्याने ती झाकलेलीही असते. मढं ओढून नेलं किंवा गर्दी करून त्याला हाकललं, तर त्याचं यकृत थांबत नाही. जे चार दिवस पुरलं असतं ते गेलं, म्हणून तो दोन दिवसांत दुसरं जनावर पाडतो, आणि ते बहुधा त्याच कळपातलं असतं. त्याला त्याच्या मढ्यावर खाऊ देणं हा गावाच्याच फायद्याचा व्यवहार आहे.

परत येण्याच्या याच सवयीने त्याचा जीवही जातो. १ जानेवारी २०२१ ला, नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत पसरलेल्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या हद्दीत एक वाघीण आणि तिचे बछडे मेलेले सापडले. मारलेल्या वासरावर विष टाकलेलं होतं. ज्याने टाकलं त्याला ठाऊक होतं की ती परत येणार, आणि पिल्लांना घेऊन येणार. कपाशीच्या पट्ट्यात फवारणीचं विष प्रत्येक घराच्या कोपऱ्यात असतं. रागाच्या एका संध्याकाळी ते हाताशी लागतं. म्हणून पंचनामा आणि भरपाई त्या संध्याकाळच्या आधी पोहोचली पाहिजे. मढ्यावरचा पहिला दिवस संपण्याआधी वनरक्षक गाईच्या मालकाच्या दारात उभा असेल तर विषाची बाटली बहुधा उघडली जाणार नाही, असं मला ठामपणे वाटतं.

शेवटचं प्रकरण याच चार दिवसांवर आहे. मढं जंगलात असेल तर जागेवर राहू द्यायचं, मालकाने ठरल्या मुदतीत वनखात्याला कळवायचं, पंचनाम्याआधी मढं हलवायचं नाही, त्या बाजूला ढोरं न्यायची नाहीत, आणि पाण्याच्या बाजूने एकट्याने जायचं नाही, कारण भरल्या पोटाने तो तिथेच झोपलेला असतो. हे प्रकरण वेगळं काढून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावता यावं म्हणून ते चार पानांत बसवलं आहे, अक्षर मोठं ठेवलं आहे.